पुणं की म्हैसूर

संगणकशास्त्रासाठी पुण्याचं विद्यापीठ घ्यावं की म्हैसूरचं, हे विचारायला शर्वाणीने भविष्य दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर चार वर्षांनंतरच्या स्वतःला बोलावलं.

"देवीने उजवा कौल दिलाय, पुण्याचा," शेजारी बसलेली आई म्हणाली. "पण विचार बाई यंत्रालाही."

पुण्यात शिकलेली शर्वाणी आली. कॉलेजचं सोडून तिने विचारलं, "आई आहे ना तिथे? तिला जरा बोलू दे."

म्हैसूरचीही आली आणि आईलाच शोधू लागली.

चार वर्षांनी आपण नसणार, हे आईच्या ध्यानात आलं.

"मग मी कुठेच जात नाही. घरीच राहते," शर्वाणी रडत म्हणाली.

यंत्राने घरी राहिलेलीही दाखवली. ती पार वाळून गेली होती, आईकडे नुसती बघत राहिली.

"जेवत जा गं," आई तिला म्हणाली.