जागत राहा

आमच्या बायबल भाषांतर समितीचं घोडं एका ग्रीक क्रियापदापाशी अडलं होतं. पकडला जाण्याआधी येशू बागेत शिष्यांना जे सांगतो, ते क्रियापद. अध्यक्ष म्हणत होते, "सरळ 'जागे व्हा' लिहा आणि पुढे चला." ग्रीक शिकवणाऱ्या बाई मात्र इरेला पेटल्या होत्या. "अहो, शिष्य जागेच आहेत! हे रूप चालू राहणाऱ्या क्रियेचं आहे. जाग काय, एकदा येते. जागत राहायला जिवाचा आटापिटा करावा लागतो. 'जागत राहा'च हवं."

बाईंचं मला शंभर टक्के पटत होतं. पण अध्यक्ष माझे सासरे. त्यांच्यासमोर बाईंची बाजू घेऊन घरी कोणत्या तोंडाने जाणार?

समितीचा नियम साधा होता: कुणी हरकत घेतली नाही, की शब्द कायम. "जेवणानंतर बघू," बाई म्हणाल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी पडदे ओढले, पंखा हळू केला आणि तो अख्खा उतारा अंगाई म्हणावी तसा वाचायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदाला सासऱ्यांची मान कलली, ते घोरू लागले. पाठोपाठ बाकीचे दोघेही खुर्चीतच लवंडले.

बाईंनी वाचन थांबवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "'जागत राहा'ला कुणाची हरकत?"


बाईंखेरीज जागा असा मी एकटाच होतो. मी डोळे घट्ट मिटले आणि सासऱ्यांच्या सुरात सूर मिसळून मनापासून घोरलो.