तारेचं वेटोळं

मुलीच्या पाठीवर नऊ वर्षं मूल झालं नाही, म्हणून मंदाबाईंनी सुनेला, भाविकाला, शिंदखेड्याच्या आसपासच्या एकूण एक भगताकडे नेलं. शेवटच्या काढ्याने तिला कावीळ झाली आणि त्यातच ती गेली.

तिसऱ्या दिवशी जितेंद्र बायकोची राख सावडून आला. राखेत सापडलेलं तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं त्याने आईपुढे धरलं. "माय, हाई काय शे?"

मंदाबाईंना नऊ वर्षं विसरलेलं आठवलं. भाविका बाळंतपणाच्या गुंगीत होती. नर्सने पाळणा लांबवायची तांबी दाखवली होती, तिच्यावर हीच तार होती. "बसवू का, आजी? तीन वर्षांनी काढायला आणा."



"बसवा," त्या म्हणाल्या होत्या. "पन तिले सांगू नका, ती घाबरस."