जत्रेतला रस

दामिनीने बाही वर केली होती आणि अदिती लशीची सुई भरत होती, तेवढ्यात वच्छलाबाईंनी नातीचा हात धरला आणि बाही पुन्हा खाली ओढली.

“पोरीले दातायचं काम शिकवाले ठेवली, का टोचाले?”

“आजी, गप ना,” दामिनी पुटपुटली. बडनेऱ्याच्या या दवाखान्यात तिचा कामाचा पहिला दिवस होता.

अदिती हसली. ती या घरची सून. सासरे वामनराव थकल्यापासून दातांचा दवाखाना तीच चालवत होती. काविळीची लस घेतल्याशिवाय हत्यारांना कुणी हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता.

“आजी, पेशंटच्या तोंडातलं रक्त सुईला लागतं. ती सुई हिच्या बोटात गेली तर कावीळ होऊ शकते. तीनदा टोचायची लस आहे. आज पहिली.”

“काविळीचं मले नका सांगू, म्याडम. माह्यं कुकू काविळीनंच गेलं. सुईनं नाई होत ते, खान्यापिन्यानं होते. उगाच पोरीचा हात सुजन, ताप भरन. तुमाले जमत नसन तं मी चालली तिले घेऊन.”

वामनराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी हा दवाखाना उघडला, तेव्हा अदितीचा जन्मही झाला नव्हता. अजूनही सकाळचे दोन तास ते येऊन बसत. एखादा जुना पेशंट त्यांच्याकडूनच दात तपासून घेई. म्हणून अदितीने लस देण्याआधी त्यांचंही रक्त तपासून घेतलं होतं.

“बाबा, तुम्हाला लस नको,” ती काल म्हणाली होती. “रक्तातून पसरणारी कावीळ तुम्हाला कधीतरी होऊन गेली आहे. रक्तात खूण राहिली आहे.”

त्यांनी तपासणीच्या कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. खाण्यापिण्याने होणारी कावीळ ही खूण ठेवत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आणि कावीळ त्यांना आयुष्यात एकदाच झाली होती.

त्या वर्षी कार्तिकात वच्छला कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली होती. येताना कडीच्या डब्यात उसाचा रस घेऊन आली. तिचा नवरा सूर्यभान वामनरावांच्या हाताखाली काम करायचा. दोघांनी इथेच, याच खोलीत उभ्याउभ्या तो रस संपवला. पौषात दोघांचे डोळे एकाच आठवड्यात पिवळे झाले. वामनराव दोन महिन्यांनी उठले. सूर्यभान उठला नाही. दामिनीचा बाप तेव्हा दीड वर्षाचा होता.

कशाने झालं, असं लोकांनी विचारलं. अंथरुणावरूनच वामनराव म्हणाले होते, “जत्रेतला रस बाधला.” डॉक्टरचा शब्द. तो कुणी तपासून पाहिला नाही.

तेव्हा काचेची सिरिंज असे. सुया बोथट झाल्या की सूर्यभान त्या दगडावर घासून धार लावायचा, आत बारीक तार घालून साफ करायचा, मग स्टोव्हवर उकळायला ठेवायचा. घासताना बोटात गेली की बोट तोंडात धरायचा आणि हसायचा. वामनराव उघड्या हातांनी लोकांचे दात काढत. हातमोजे नव्हते आणि लस तर इकडे आलीच नव्हती.

“काविळीला कारण काय झालं होतं, आजी?” अदितीने विचारलं.

“रस. मीच आनला होता.” आपल्या गावाचं नाव सांगावं तसं वच्छलाबाईंनी सांगितलं.

“तुम्ही पण प्यायला होतात?”

“जत्रेतच दोन गिलास पेली होती. त्याच घागरीतला.”

“मग तुम्हाला काहीच झालं नाही?”

“मले काय होते? मी पहिल्यापासून दांडगी.”

अदितीने सासऱ्यांकडे पाहिलं. हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. वामनरावांनीही नाही.

“चाल वं पोरी,” वच्छलाबाई म्हणाल्या. दामिनी रडवेली होऊन उठली.

वामनराव गप्प राहिले असते तरी चाललं असतं. अदितीने आपणहून काही सांगितलं नसतं. रस्त्याने जाताना म्हातारी माणसं अजून त्यांना पाहून सायकलवरून उतरत.

“थांब, वच्छला,” ते म्हणाले. “सूर्यभान रसाने नाही गेला. माझ्या सुयांनी गेला. घासताना त्या त्याच्या बोटांत जात होत्या आणि मी रोज बघत होतो. मलाही तीच कावीळ झाली होती, ते काल कळलं. रसाचं मी सांगितलं ते चूक होतं.”

वच्छलाबाई समोरच्या बाकावर बसल्या. मग त्यांनी दामिनीला जवळ ओढलं आणि तिची बाही स्वतःच खांद्यापर्यंत वर सारली.

“द्या, म्याडम.”

अदितीने लस दिली. कापसाचा बोळा वच्छलाबाईंनी आपल्या अंगठ्याने दाबून धरला.

“पुढची कधी?”

“महिन्याने.”

“आनीन मी तिले.”

त्या उठून दाराशी गेल्या. वामनरावही माफी मागायला उठले. वच्छलाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता.

“माही सासू पाच वर्सांखाली गेली, डाक्टरसाहेब. मरेस्तोर तिनं माह्या हातचं पानी नाई पेलं.”