उत्तरासाठी तीस सेकंद

मेंढ्यांच्या लसीकरणाच्या नोंदी नव्या कॉम्प्युटरवर न्यायच्या होत्या. आधी तक्त्यांचे नुसते रिकामे साचे आणायचे होते, त्यालाच तासभर लागत होता. ऑपरेटर ब्लेसी म्हणाली, "मामा, दौंडचं नेटच स्लो हाय." मी घड्याळ बघत बसलो. मोठा असो की छोटा, प्रत्येक तक्त्याला बरोबर तीस सेकंद. काम करणाऱ्याला वेळ कमी-जास्त लागतो. सारखा वेळ वाट बघणाऱ्याला लागतो. "कुणाची वाट बघतंय, शोध," म्हणालो. तिनं सेटिंग उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. हे तक्ते माझ्या बायकोनं घरी बनवलेले. प्रत्येक तक्ता आधी तिच्या नावाच्या कॉम्प्युटरला विचारायचा आणि उत्तरासाठी थांबायचा. तिच्या दफनानंतर तो कॉम्प्युटर मी तिच्याच शालीत गुंडाळून ठेवलाय. "सेटिंगमधनं मामींचं नाव काढू?" "एक तक्ता असाच येऊ दे." घड्याळाकडं बघत मीही तीस सेकंद थांबलो. उत्तर आलं नाही. "काढ."