तिघांची नजर

शेवटच्या फाइलचा आकार शून्य होता. नाव होतं, तारीख होती, दोन वाजून सतरा मिनिटं ही वेळही होती. आत काहीच नव्हतं. डिस्क काठोकाठ भरली की असंच होतं. फाइल तयार होते, पण तिच्यात काही ठेवायला जागा उरत नाही.

रुई-वेनने यादी वर सरकवली. तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात एक्क्याऐंशी हजार तुकडे साचले होते. एकेक तुकडा म्हणजे नानथोऊच्या डोंगराचा जेवणाच्या टेबलाएवढा चौकोन. दगड, बांबू, सावली. तिचा धाकटा भाऊ युन-छेंग, घरातला आ-छेंग, एकाहत्तर दिवसांपूर्वी त्या डोंगरात एकटा चढला आणि परतला नाही. बचाव पथक तेविसाव्या दिवशी खाली उतरलं. ड्रोनवाले मात्र अजूनही फोटो पाठवत, तायचुंगच्या विद्यापीठातलं हे जुनं मशीन त्यांचे तुकडे करी, आणि ते वेबसाइटवर अनोळखी माणसं आपापल्या घरी बसून पाहत. वेबसाइट चालू आहे तोवर शोध चालू आहे, असं घरात सगळे म्हणत. बंद करणं म्हणजे काय, ते कुणी म्हणत नसे.

"हिची मुदत संपलीय बघ," फांग दादा म्हणाले. विभागातली सगळी मशीनं तेच सांभाळत. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून वर ठेवलेली खाऊची हिरवी पुडी त्यांनी उलटी करून पाहिली. "गेल्या महिन्यातच संपली. रुसेल नाही तर काय करेल बिचारं?"

"दादा, सफाईचा प्रोग्राम चालतोय का, ते सांगा आधी."

"चालतोय की. दर तासाला येतो, कोपरान्‌कोपरा बघतो आणि हात हलवत परत जातो. एक फाइल उचलत नाही. आपल्या नगरपालिकेतून आणलास की काय?"

रुई-वेनला हसू आलं नाही. फोन वाजला. आई होती.

"चित्रं यायची थांबलीत गं. मी काही भलतंच दाबलं का?"

"नाही आई. जागा भरलीय. बघतेय मी."

"लवकर बघ. ओढ्याच्या वरची घळ अर्धी राहिलीय माझी."

तिने सफाईचा प्रोग्राम उघडला. तो तिनेच लिहिला होता, नवव्या दिवशी, एका बैठकीत. नियम एकच होता. तीन वेगवेगळ्या माणसांनी पाहून 'काही नाही' म्हटलं, तरच तुकडा पुसायचा. एकाचे डोळे थकतात, दोघांचे चुकू शकतात, म्हणून तीन. पहिल्या महिन्यात चार हजार माणसं होती. तुकडे तयार होताहोताच पुसले जात.

नियमात चूक नव्हती. चूक कुठेच नव्हती. मग तिने वेगळा प्रश्न टाकला: या एक्क्याऐंशी हजारांतला प्रत्येक तुकडा किती जणांनी पाहिला?

उत्तर यायला अर्धं मिनिट लागलं. एक. एक. एक. एक. यादी खालपर्यंत तशीच होती.

कुणी पाहिला, तेही तिने विचारलं. सगळीकडे एकच नाव आलं. आईचं.

तिने हिशेब केला. तुकडे साचू लागल्यापासून एकोणीस दिवस, एका तुकड्याला दहा सेकंद. रोजचे जवळजवळ बारा तास होत होते. मग, नको वाटत असतानाही, तिने स्वतःचं नाव शोधलं. शेवटचा तुकडा पाहिल्याला तिला बावीस दिवस झाले होते.

फांग दादा तिच्या खांद्यावरून पाहत होते.

"मीही महिनाभर उघडलं नाही गं," ते म्हणाले. मग खाकरून, कामाच्या आवाजात, "तिनाचं एक कर. एका आकड्याचं तर काम. तासाभरात डिस्क रिकामी होईल."

खरं होतं. तासाभरात डिस्क रिकामी झाली असती आणि पुन्हा कधी भरली नसती. सकाळी ड्रोन उडेल, दुपारी तुकडे येतील, आई एकेक पाहील, मशीन एकेक पुसेल. या वर्षी, पुढच्या वर्षी. काहीही अडणार नव्हतं.

रुई-वेनने तिनाचा आकडा खोडला. त्या जागी रेघ लुकलुकत राहिली. तिने पुन्हा तीन लिहिला आणि आईला फोन लावला.

"झालं का नीट?"

"मशीन बिघडलेलंच नाही, आई."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ठाऊक आहे मला," आई म्हणाली. "आधी चित्राच्या कडेला दुसऱ्यांच्या खुणा असायच्या. हल्ली माझीच एकटीची असते. म्हटलं, लोकांनाही घरंदारं आहेत." जरा थांबून तिने विचारलं, "मग आज चित्रं येणार नाहीत का?"

फांग दादा दार ओढून बाहेर गेले. खोलीत पंख्यांची घरघर तेवढी राहिली.

"आई," रुई-वेन म्हणाली, "आ-छेंगचा एक शर्ट काढून ठेव. धुतलेला नको, अंगातला. रविवारी देवळातल्या पुजाऱ्यांना घेऊन पायथ्याशी जाऊ. गेलेल्या माणसाच्या आत्म्याला तिथून एकट्याने वाट सापडत नाही. शर्ट हलवत हाका मारून त्याला घरी आणू."