तेल मोजायची पट्टी

"मिस्त्री, त्याला सांगा, बाबांच्या गाडीचं इंजिन भंगारात जाणार नाही. हेच दुरुस्त करायचं."

ताई म्हणाली. 'तो' म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ, तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता.

"आणि तिला सांगा," धाकटा म्हणाला, "पुन्हा आईला घेऊन भर रस्त्यात गाडी बंद पडली तर धक्का मारायला बाबा येणार नाहीत. नवं इंजिन मागवा."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. कपाळ काळं झालं. बाबा गेल्यापासून दोघांचा अबोला, आणि मधल्या मध्ये निरोप्या झाला होता बिचारा मिस्त्री.

इंजिन टेबलावर उघडं पडलं होतं. इंजिन काढलेली गाडी कोपऱ्यात होती आणि मागच्या सीटवर आई बसली होती. मुलाच्या घरून दोन गल्ल्या काठी टेकत, हट्टानं चालत आली होती. एक आठवडा मुलाकडे, एक लेकीकडे. दर रविवारी याच गाडीतून इकडून तिकडे. दुसऱ्या कुठल्या गाडीत तिचे गुडघे मावत नसत.

"नवं इंजिन यायला महिने लागतील," ताई म्हणाली. "तोवर आई त्याच्याकडे अडकली. तेच हवंय त्याला! सांगा, सगळं कळतं म्हणावं मला. त्याच्याकडून आणली की दर वेळी चक्कर येते तिला. धड खायला घालतात की नाही, देव जाणे."

"तिच्याकडून आली की माझ्याकडेही येते! विचारा तिला, काय घालते खायला?"

"ऐका की जरा!" मिस्त्री खेकसला. "इंजिन तेलानं गेलंय."

"बघा!" दोघंही एकदम ओरडली.

"सांगत नव्हते? तो तेल बघतच नाही. आईला पाठवायच्या आधी मी स्वतः तेल घालते."

"घालते म्हणे! तिनं घातलं नसणार म्हणून गाडी आली की पहिलं मी घालतो. पाठवतानाही घालतो."

मिस्त्रीनं ताईकडे पाहिलं. "आणि तुमच्याकडे आली की?"

"आल्यावरही घालते," ताई जरा हळू म्हणाली. "त्याचा काय भरवसा?"

"अहो, तेल कमी नव्हतं, जास्त झालं होतं! जास्त झालं की आत घुसळून नुसता फेस होतो. फेसानं कुठे वंगण होतं? बेअरिंगं खाऊन टाकली सगळी. अति तिथे माती. तेल मोजायची पट्टी कुठाय?"

"त्यानं मोडली."

"तिनं मोडली."

"मग नवी आणायची ना!"

"ज्यानं मोडली त्यानं आणायची." एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं.

मागच्या सीटवरून आई बोलली. "गोळीचंही तेच आहे."

"कसली गोळी?" ताईनं विचारलं.

"रक्तदाबाची. रविवारी निघताना एक देता. पोचले की आणखी एक. तिथे दिलीच नसेल म्हणून."

टेबलावरून तेल पत्र्याच्या डब्यात ठिबकत होतं.

"अगं, मग सांगायचं नाही का?" ताईचा आवाज चिरकला. "काही झालं असतं म्हणजे?"

"सांगून काय करू? एकमेकांच्या उरावर बसला असता. त्यापेक्षा गिळली."

आईनं काठी शोधली. दार उघडायला दोघंही पुढे झाली आणि दोघंही थबकली. शेवटी तिनंच ते आतून ढकललं.

"दुरुस्त की नवं ते नंतर ठरवा," मिस्त्री म्हणाला. "आधी पट्टी आणा."

मग धाकट्यानं घसा खाकरला.

"गोळी किती वाजता देतेस?"

मिस्त्री सवयीनं ताईकडे वळला. पण ती भावाकडेच बघत होती.

"आठला," ती म्हणाली. "तू?"