रेवतीचं चोविसावं वर्ष

नवं प्रकरण वाचून झाल्यावर कादंबरीकार विश्राम केळुसकर लेखनयंत्राला म्हणाले, "तिला नॉर्वेला पाठवू नकोस. इथेच ठेव."

त्यांची मुलगी रेवती नवव्या वर्षी तापाने गेली होती. तेव्हापासून दर वाढदिवसाला ते यंत्राला तिच्या आठवणी सांगत, आणि यंत्र तिच्या न जगलेल्या आयुष्याचं एकेक वर्ष लिहून देई. यंदा ती चोवीस वर्षांची झाली होती आणि समुद्राचा अभ्यास करायला कायमची परदेशी निघाली होती.

"ठेवतो," यंत्र म्हणालं. "पण तुम्ही सांगितलेली रेवती थांबली नसती."

केळुसकरांची पत्नी सुनंदा दारात उभी होती. तिने ही पानं कधीच वाचली नव्हती.

"जाऊ द्या तिला," ती म्हणाली आणि शेजारी येऊन बसली. "निघताना माझ्याशी काय बोलली?"

केळुसकर वाचू लागले. ‘आई, पोचले की फोन करते,’ या वाक्याशी ते थांबले. सुनंदाने कागद हातात घेतला आणि पुढचं स्वतः मोठ्याने वाचलं. पंधरा वर्षांत रेवतीचं नाव तिच्या तोंडी पहिल्यांदाच आलं.